पद्मिनीचं अंदाजपत्रक

घरच्या घरी मोटार बांधावी ही इच्छा मला कॉलेजात असल्यापासून होती. इंग्लंडमध्ये लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची एक छोटी, उघडी गाडी बाजारात आणली. ती सुट्या भागांतही मिळायची, कारण तयार गाडीवर तिथे जो खरेदी कर लागायचा तो सुट्या भागांवर लागत नव्हता. लोक ते खोके घरी आणून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मदतीला घेऊन गाडी जोडायचे. आज तोच वारसा केटरहॅम ही कंपनी चालवते. सगळं सामान हाताशी असलं तर त्यांची गाडी साधारण शंभर तासांत उभी राहते. मग सरकारी चाचणीत ती एकटी गाडी तपासतात आणि पास झाली की रस्त्यावर येते.

आपल्याकडे हा रस्ता बंद आहे, आणि हे मी फार आधी नीट समजून घेतलं. गाडीचा कुठलाही नमुना रस्त्यावर यायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे त्याला पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेची मान्यता लागते. ही व्यवस्था कारखानदारांसाठी आहे, घरात एकच गाडी बांधणाऱ्यासाठी नाही. असलेल्या गाडीत मोठे फेरफार करावेत तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कारखान्याने दिलेल्या मूळ स्वरूपापासून गाडी फार दूर नेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. त्यांनी भंगारातल्या वस्तू आणि दुचाकीचे भाग जोडून, साठेक हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं, आणि ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही तेव्हाच सांगितलं. त्या गाडीच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. त्याच्याही आधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ या छोट्या गाडीचे नमुने एकापाठोपाठ एक तयार केले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकापर्यंत त्यांनी आयुष्याची कमाई त्यात घातली. गाडी रस्त्यावर धावली, पण बाजारात आली नाही. हुन्नर आपल्याकडे कधीच कमी नव्हतं. पण ज्या गाडीला आरसी मिळणार नाही तिच्यावर संसारी माणसाने वर्षं आणि पैसे घालावेत का, याचं माझं उत्तर ‘नाही’ असं आलं.

आणि माझ्या दारात एक गाडी उभी होती, आरसीसकट.

आम्ही ठाकुर्लीचे, चोळेगावातले. बैठं घर, पुढे ओटा, बाजूला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये वडिलांची प्रीमियर पद्मिनी. वडील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जोडणी विभागात होते. सकाळची लोकल पकडून जायचे आणि संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन यायचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीला तिथे परदेशातून सुट्या भागांत आलेल्या अमेरिकन गाड्या जोडायचे, नंतर फियाट आली. त्याही आधी, १९२८ पासून, शिवडीला जनरल मोटर्स हेच काम करत होती. म्हणजे खोक्यांतून गाडी काढून ती चाकांवर उभी करायची ही मुंबईची फार जुनी विद्या. वडिलांनी ती पोटापाण्यासाठी केली. निवृत्तीआधी त्यांनी आपल्याच कारखान्यातली एक पद्मिनी घेतली आणि हयातभर हौसेने सांभाळली. ते गेल्यानंतर ती शेडमध्येच राहिली. तिचा तळ गंजायला लागला आणि टायर बसले.

ती विकावी असं घरात सगळ्यांनी सुचवलं. मी मात्र घरी गाडी बांधायची इच्छा हिच्यावरच पूर्ण करायची ठरवलं. बायकोने एकच अट घातली. “अहो, करा जरूर. पण किती पैसे आणि किती वर्षं, ते आधी कागदावर दाखवा.” या कागदाविषयीच मला लिहायचं आहे, कारण गाडी उभी राहिली ती त्या कागदामुळे.

डोंबिवली-कल्याणच्या कुठल्याही जुन्या वस्तीत फिरा. निळ्या ताडपत्रीखाली झाकलेली एखादी गाडी दिसतेच. फियाट, जीप, कधी पहिल्या पिढीतली मारुती. मी अशा काही गाड्यांच्या मालकांशी मुद्दाम बोललो. पैसे नव्हते म्हणून काम थांबलं असं फार थोड्यांनी सांगितलं. बहुतेकांची कहाणी एकच निघाली. उत्साहात सगळी गाडी एकदम उघडली, मग पावसाळा आला, मग घरात लग्न निघालं. परत आले तेव्हा कुठला नट कुठला ते आठवेना. गाडी उघडायला दोन रविवार लागतात, ती परत जोडायला दोन वर्षं. हे गणित त्यांनी मांडलेलंच नव्हतं.

मला ते मांडायला शिकवलं माझ्या भाचीने. ती मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होती आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या संघात होती. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर देशभरातले विद्यार्थी स्वतः बांधलेल्या एकासनी रेसिंग गाड्या घेऊन येतात. तिथे नुसतं वेगाला महत्त्व नाही. गाडी कितीला पडली आणि कशी बनवली, याच्या हिशेबालाही वेगळे गुण असतात. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वॉशर, प्रत्येक वेल्डिंग त्या तक्त्यात लिहावं लागतं. ती म्हणाली, “मामा, तू कामाचे तास लिहितोस तेव्हा फक्त बसवायचे तास लिहितोस. प्रत्येक कामाचे तीन भाग असतात. उघडणं, मिळवणं आणि बसवणं. वेळ जातो तो मधल्यात.”

हे वाक्य मी तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. केटरहॅमची गाडी शंभर तासांत होते, कारण तिथे ‘उघडणं’ नाही आणि ‘मिळवणं’ कंपनीने आधीच करून दिलेलं असतं. जुन्या गाडीचं खोकं कुणी भरून देत नाही. ते आपणच भरायचं असतं. चाकाच्या ब्रेकचं काम हाताने करायला अर्धा दिवस पुरतो. पण गंजलेला ड्रम निघावा म्हणून त्यावर आदल्या रात्री रॉकेल सोडून ठेवायचं, आतला व्हील सिलिंडर बिघडलेला निघाला तर त्याच मापाचा शोधायचा, मिळाला नाही तर जुन्याला नवं रबर किट बसवायचं, यात पंधरवडा सहज जातो. म्हणून तक्त्यात मी प्रत्येक कामापुढे तीन रकाने केले, आणि मधल्या रकान्यात भाची सांगेल तो आकडा दुप्पट करून लिहिला.

मग वर्षाचं कॅलेंडर. भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर पसरलं. नोकरी मुंबईत, त्यामुळे हातात फक्त रविवार. त्यातून पावसाळ्याचे चार महिने पत्रा आणि रंगासाठी बाद करायचे, कारण दमट हवेत रंग पांढुरका पडतो आणि घासून उघडा केलेला पत्रा दुसऱ्या दिवशी तांबूस दिसतो. गणपती, दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा वजा केल्या. सामानासाठी कुर्ल्याला जायचे रविवार वेगळे धरले, तर तेवढ्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. बावन्न रविवारांतले निम्मेही गाडीच्या वाट्याला येत नाहीत, हे कागदावर दिसलं तेव्हाच काम दोन हिवाळ्यांचं आहे हे घरात सगळ्यांना कळलं आणि पटलंही.

एक गोष्ट मात्र आमच्या गावाने सोपी केली. डोंबिवली एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. म्हणजे मला सुट्टी असते त्या रविवारी तिथली छोटी मशिन शॉप चालू असतात. इंजिनाचं हेड फेसिंगला द्यायचं, ड्रम लेथवर धरायचे, एखादा बुश कातून घ्यायचा, ही कामं मुंबईच्या माणसाला रजा काढून करावी लागतात. मला ती रविवारी सकाळी स्कूटरवरून जाऊन करता आली. वेळेचं नियोजन करताना आपल्या गावाची ही लय ध्यानात घेतली तर खूप रविवार वाचतात.

आता पैशाकडे येतो. एकूण अडीच लाख ठरवले. गाडी घरची, त्यामुळे खरेदीचा खर्च नव्हता. त्यातले सत्तर हजार इंजिन, ब्रेक, गिअर आणि सस्पेन्शनला. ऐंशी हजार पत्रा आणि रंगाला. चाळीस हजार वायरिंग, सीट, काचांची रबरं, टायर, बॅटरी यांना. वीस हजार कागदपत्रं, हत्यारं आणि वाहतुकीला. उरलेले चाळीस हजार राखीव. राखीव रकमेसाठी बँकेत वेगळं खातं ठेवलं आणि त्याचं कार्ड बायकोकडे दिलं. त्यातून पैसे काढायचे तर तिला कारण सांगायचं, एवढा नियम.

सगळ्यात आधी खर्च केला तो कागदपत्रांवर, गाडीला हात लावायच्याही आधी. जुनी गाडी घेणाऱ्या किंवा वारशात मिळालेल्या प्रत्येकाला माझा हा पहिला सल्ला आहे. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर नोंदणी करायला फॉर्म ३१ भरावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करायचं आणि पर्यावरण कर भरायचा. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते १०,००० वर गेलं. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणंही राज्यात सक्तीचं झालं. थर्ड पार्टी विमा हजार ते दीड हजार सीसीच्या गटात, २०२२ मध्ये ठरलेल्या दराने, ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं, त्यामुळे ती याच गटात. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय आहे. तिचं नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. आमची त्या वयाची नव्हती आणि मला ती वापरायची होती, म्हणून साधंच नूतनीकरण.

कागदपत्रांचा दुसरा फायदा म्हणजे काय करायचं नाही ते ठरतं. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसीशी जुळलेच पाहिजेत, त्यामुळे दुसरं इंजिन बसवण्याचा विचार मी केलाच नाही. रंग बदलला तर त्याची नोंद करून घ्यावी लागते, म्हणून वडिलांच्या वेळचा फिकट निळाच ठेवला. असे दोनचार मोह आधीच संपले की अंदाजपत्रक खूप सुटसुटीत होतं.

कामाचे टप्पे असे पाडले की प्रत्येक टप्पा संपला की गाडी पुन्हा बंद झालेली, स्वतःच्या चार चाकांवर उभी असेल. एका वेळी एकच भाग उघडायचा. पहिला टप्पा ब्रेक आणि चाकं. दुसरा इंजिन आणि पेट्रोलची लाइन. तिसरा तळ, पत्रा आणि रंग. चौथा वायरिंग आणि आतली सजावट. मधेच घरात काही निघालं आणि काम चार महिने थांबलं, तरी अर्धवट उघडी गाडी शेडमध्ये पडून राहणार नाही, ही यामागची कल्पना. ती फार उपयोगी पडली. पहिल्या हिवाळ्यानंतर आईच्या आजारपणात काम खरोखरच थांबलं. पण तेव्हा गाडी ढकलता येत होती, थांबवता येत होती आणि तिचा एकही नट पिशवीत नव्हता.

हत्यारांत पैसे वाचवायचे नाहीत ते दोनच जागी. एक, चांगला गोटी सेट आणि रिंग पाने, कारण हलक्या पान्याने गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल होतात आणि मग अर्ध्या तासाचं काम अख्खा दिवस खातं. दुसरं, गाडीखाली लावायची भक्कम लोखंडी घोडी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरायचं नाही. बाकी वेल्डिंग मशिन, कॉम्प्रेसर, चेनपुली अशा वस्तू विकत घेण्यात अर्थ नाही. ती कामं त्या त्या कारागिराकडून करून घ्यावीत.

ब्रेकचं काम माझ्या मनात फार ठळक राहिलं आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. नवी रबरं बसली, लोखंडी पाइप बदलले, ड्रम लेथवरून आले. आता हवा काढायची. हे काम एकट्याने होत नाही. भाची सीटवर बसली आणि मी मागच्या डाव्या चाकाशी आडवा झालो, कारण सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने करायची असते. ब्लीडरच्या तोंडाला पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलं. “दाब.” ती पेडल दाबून धरते. मी पाना पाव फेरा फिरवतो. नळीतून तेल आणि त्यामागे बुडबुड्यांची रांग येते. पाना घट्ट करतो. “सोड.” पुन्हा दाब, पुन्हा सोड, आणि मधे मधे वरच्या डबीत तेलाची भर. बुडबुडे मोठ्याचे बारीक होतात, बारकाचे तुरळक होतात आणि मग नळीत नुसतं सोनेरी, अखंड तेल दिसतं. चौथं चाक झालं तेव्हा आतून आवाज आला, “मामा, पेडल दगडासारखं लागतंय.” पैशाच्या हिशेबात हे काम फार छोटं, पण मला सगळ्यात जास्त समाधान याने दिलं. गाडी चालायच्या आधी थांबली पाहिजे, हा क्रम घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने पाळावा.

इंजिनाबाबत मोठा निर्णय एकच होता, ते पूर्ण उतरवायचं का. कुर्ल्यात टॅक्सींची कामं करून निवृत्त झालेले एक मिस्त्रीकाका डोंबिवलीला राहतात. ते येऊन बसले. प्लग काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहिलं. दोन सिलिंडर कमी दाखवत होते. काकांनी त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा फारसा वाढला नाही. म्हणाले, “रिंग बऱ्या आहेत. हवा वरून जाते. नुसतं हेड काढा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग करा.” त्या सकाळने इंजिन ओव्हरहॉलचे पैसे वाचवले आणि तितकाच वेळही. जिथे मोजता येतं तिथे आधी मोजावं, मग उघडावं, हा धडा मी त्यांच्याकडून घेतला. पेट्रोलची सगळी रबरी नळी, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचं किट मात्र न तपासता बदललं. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा जुन्या रबरावर परिणाम होतो, आणि गळकी पेट्रोल लाइन हा काटकसरीचा विषय नाही.

सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसजवळची दुकानं. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास बंद झालं, पण मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे सुटे भाग पुढेही मिळत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. ज्या गिऱ्हाइकावर हा बाजार चालत होता तेच गेलं. ब्रेक, क्लच, इंजिनचे भाग अजून मिळतात. दिव्यांच्या कडा, दरवाज्यांची हँडलं, काचेची रबरं मिळवायला वेळ लागतो. म्हणून चौथ्या टप्प्याच्या या वस्तू मी पहिल्याच हिवाळ्यापासून शोधायला लागलो. कुर्ल्याला जाताना खिशात नेहमी पूर्ण यादी असायची, फक्त त्या आठवड्याच्या कामाची नाही. दुर्मीळ वस्तू दिसली की तेव्हाच घ्यायची. ‘मिळवणं’ हा रकाना असा आधीपासून चालू ठेवला, तर ‘बसवणं’ कधी अडत नाही.

अंदाज चुकवतो तो गंज. वरून सुपारीएवढा दिसणारा डाग घासला की तळहाताएवढं भोक निघतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, दरवाज्यांखालच्या पट्ट्या आणि डिकीचा तळ कापून नवे लावावे लागले. डेंटरदादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “साहेब, घासून झाल्याशिवाय मी भाव सांगणार नाही. सांगितला तर तो खोटा असेल.” त्यांचा हा सरळपणा मला आवडला. आम्ही घासण्याचे पैसे वेगळे ठरवले आणि उघडा पत्रा पाहून मग पुढचा भाव. राखीव रकमेतला मोठा वाटा इथे गेला, आणि राखीव रक्कम त्यासाठीच होती. पुट्टी थापून भोकं झाकली असती तर खर्च निम्म्यावर आला असता आणि दुसऱ्या पावसाळ्यात गंज पुन्हा वर आला असता. ग्राइंडरचा आवाज शेजारच्या आजींना दुपारी त्रास देऊ नये म्हणून ते काम सकाळी दहा ते एक एवढंच ठेवलं. घरी गाडीचं काम करायचं तर शेजाऱ्यांचा वेळही आपल्या तक्त्यात हवा.

प्रत्येक रविवारी संध्याकाळी बायको आणि मी वही घेऊन बसायचो. डाव्या पानावर ठरवलेला खर्च आणि वेळ, उजव्यावर झालेला. नट, वॉशर, पॉलिश पेपर, थिनर, रिक्षाचं भाडं, कारागिरांचा चहा, सगळं लिहायचं. अखेरीस बेरीज पावणेतीन लाखांच्या आसपास गेली. फरक पाहिला तर मोठ्या कामांत तो फारसा नव्हता. इंजिन ठरल्यापेक्षा स्वस्तात झालं, पत्रा महाग पडला, दोन्हींत मिळून राखीव रक्कम पुरली. वरचे पैसे गेले ते या बारीक नोंदींत. शंभर, दीडशे, ऐंशी अशा रकमांचा आकडा वर्षाअखेर रंगाच्या मजुरीएवढा भरतो. वही नसती तर पैसे कुठे गेले हे कधीच कळलं नसतं, आणि घरात त्यावरून कटुता आली असती. पुढच्या कुणाला अंदाज करायचा असेल तर बारीक सामानासाठी एकूण रकमेचा दहावा हिस्सा वेगळा काढावा, आणि राखीव रक्कम त्याहून वेगळी.

आज पद्मिनी नव्वद फुटी रोडवरून, पत्रीपुलावरून कल्याणला जाते. आईला दवाखान्यात न्यायला ती बरी पडते. सीट रुंद आणि उंच, त्यामुळे आईला गुडघे फार न वाकवता बसता येतं. बाजारात हिला अडीच-पावणेतीन लाख येणार नाहीत. तिच्या शेवटच्या हिशेबात पैसे वसूल झाले का, असा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता. वडिलांनी रोज ज्या क्रमाने परक्यांच्या गाड्या जोडल्या, तो क्रम मी आणि भाची आपल्या हातांनी शिकलो. त्यासाठी पावणेतीन लाख आणि दोन हिवाळे हा भाव मला योग्य वाटतो.

तुमच्या दारातही ताडपत्रीखाली एखादी गाडी असेल, तर पान्याला हात लावण्याआधी चार गोष्टी करा. आरसी काढून तिची मुदत बघा. गाडीभोवती माणूस फिरेल एवढी कोरडी जागा आहे का ते बघा. कॅलेंडरवर आपले खरे मोकळे रविवार मोजा. आणि घरच्यांसमोर खर्चाचा कागद ठेवून त्यांची मनापासूनची संमती घ्या. या चारांपैकी एक जरी नसेल, तर गाडी हौशी माणसाला देऊन टाका. तिच्यासाठी तेच चांगलं. चारही असतील तर या हिवाळ्यात सुरुवात करा, आणि पहिलं काम ब्रेकचं करा.